एका मेंढराला एक फरशी

मी शिकवत असताना दुसऱ्या शिक्षकानं माझ्या वर्गात येऊन मागं बसावं, ही कल्पना पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला ती जरा असभ्यच वाटली. आपण स्वयंपाक करत असताना शेजारीण ओट्याशी येऊन, हाताची घडी घालून, काही न बोलता उभी राहिली तर कसं वाटेल, तसं.

नोकरीला लागल्यापासून माझ्या वर्गात पुष्कळ माणसं येऊन गेली होती. खिचडी तयार झाली असं सांगायला येणाऱ्या मावशी, लस टोचायला येणाऱ्या सिस्टर, आधार कार्डावर पोरीचं नाव चुकलं म्हणून माझ्याशी भांडायला आलेले पालक. अधिकारीही यायचे. ते खुर्चीत बसायचे, चहा घ्यायचे, एखाद्या मुलाला सतराचा पाढा विचारायचे आणि तो अडखळला की माझ्याकडं बघायचे. पण मी जे शिकवते ते मुलांपर्यंत कसं पोचतं, हे बघायला कुणीच आलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर तेच मला सोयीचं होतं.

माझी शाळा दौंड तालुक्यात, भीमेच्या काठाला. पाचवीपर्यंतचे वर्ग आणि शिक्षक आम्ही दोघंच. दुसरे एक तरुण सर, ते कासुर्डीहून मोटरसायकलवर यायचे. डी.एड. झाल्यावर भरतीची वाट बघण्यात त्यांची काही वर्षं रांजणगावच्या एमआयडीसीत पार्ट तपासण्यात गेली होती. त्यामुळं शाळेतही ते कंपनीचीच भाषा बोलायचे. मधली सुट्टी संपली की म्हणायचे, "चला, सेकंड शिफ्ट." एखाद्या मुलाचं गणित चुकलं की वही हातात घेऊन उजेडात तिरकी धरायचे. पार्ट तपासायची ती सवय काही केल्या जात नव्हती.

आम्ही दोघं पुण्याला एका प्रशिक्षणाला गेलो होतो. शेवटच्या दिवशी तिथल्या मॅडमनी सांगितलं, की जवळजवळच्या शाळांनी गट करा. एक पाठ सगळ्यांनी मिळून तयार करा. एकानं शिकवा, बाकीच्यांनी मागं बसून फक्त मुलांकडं बघा. मग एकत्र बसून बोला, पाठ दुरुस्त करा आणि तोच पाठ दुसऱ्याच्या शाळेत पुन्हा शिकवा.

आमच्या शेजारच्या बाकावर एक गुरुजी बसले होते. नदीपलीकडचे, शिरूर तालुक्यातले, मांडवगण फराट्याजवळच्या एका वाडीवरचे. तालुका वेगळा असला तरी पूल ओलांडला की त्यांची शाळा. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलेली, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि आवाज असा, की शाळेशेजारच्या रानात खुरपणाऱ्या बायकांचेही तिसापर्यंतचे पाढे पाठ झाले होते म्हणे. मॅडमनी आम्हा तिघांचा गट केला तेव्हा गुरुजी सावकाश वळून आमच्याकडं बघत म्हणाले, "पाठ म्हंजी पाठ. एकानं वाचायचा, बाकीच्यांनी हात जोडून ऐकायचा. त्यात दुरुस्ती कसली करायची?"

तरुण सर म्हणाले, "गुरुजी, एकदा करून तर बघू."

"करू की. माझं काय जातंय. पण दौंडवाल्यांनी पहिला नंबर लावायचा."

दौंडवाली म्हणजे मी.

पहिली बैठक आमच्या शाळेत शनिवारी झाली. सकाळची शाळा सुटली, मुलं घरी गेली आणि गुरुजी स्कूटरवर आले. येताना त्यांनी भेळ आणली होती. विषय ठरायला वेळ लागला नाही. पाचवीला परिमिती आणि क्षेत्रफळ शिकवताना मुलांचा दरवर्षी गोंधळ होतो, हे आम्हा दोघांना माहीत होतं. कुंपणाला तार किती लागेल विचारलं की मुलं गुणाकार करतात आणि आत फरशा किती बसतील विचारलं की बेरीज.

"माझ्या पोरांचा न्हाई होत गोंधळ," गुरुजी म्हणाले. "लांबी गुणिले रुंदी. झालं क्षेत्रफळ."

तरुण सरांनी विचारलं, "ते काढायचं कसं ते झालं गुरुजी. पण क्षेत्रफळ म्हणजे काय?"

"लांबी गुणिले रुंदी."

"हो, पण म्हणजे काय?"

गुरुजींनी भेळेचा घास तोंडापर्यंत नेला आणि तिथंच धरून ठेवला. बराच वेळ ते खिडकीतून बाहेर बघत होते. मग म्हणाले, "जागा." आणि घास खाल्ला. "आतली जागा. पण असं कुणी विचारतच न्हाई हो परीक्षेत."

तिथून पुढं आमच्या कामाला सुरुवात झाली. सरांनी कागदावर रकाने आखले होते. आपण काय विचारायचं, आणि मुलं त्यावर काय काय बोलतील. दुसऱ्या रकान्यात चुकीची उत्तरंही लिहायची होती. गुरुजींनी आपल्या कागदावर त्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच वाक्य लिहिलं, 'सर्व विद्यार्थी बरोबर उत्तर देतील.' खाली तेच, त्याच्या खाली तेच.

"गुरुजी, एखादा तर चुकेल की," मी म्हणाले.

"माझ्या वर्गात चुकायची सोयच न्हाई, बाई. एक चुकला तर बाकीचे मोठ्यानं म्हणतात. त्यात त्याचं चुकलेलं बुडून जातं."

ते हे अभिमानानं सांगत होते. आणि मला हसू आलं तरी माझ्या वर्गातही थोडंफार तसंच चालायचं हे माझ्या लक्षात आलं होतं, म्हणून मी गप्प बसले.

संध्याकाळपर्यंत आम्ही एका प्रश्नावर भांडत होतो. दोन शेतं काढायची, एक लांबट आणि एक चौरस. दोन्हीला कुंपणाची तार सारखीच लागते. मग विचारायचं, 'कोणतं शेत मोठं?' मी म्हणत होते, की एवढं सरळ विचारावं. सर म्हणत होते, की 'मोठं' म्हणजे काय ते मुलांना कळणार नाही. गुरुजी म्हणत होते, की शेतकऱ्याच्या पोराला शेत मोठं की लहान हे कळत नसेल तर शाळा बंद करा. शेवटी माझाच प्रश्न ठरला, कारण शिकवणार मी होते.

पाठाच्या दिवशी माझी मुलं डोक्याला तेल चोपडून, गणवेश धुऊन आली. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. पण आदल्या दिवशी मी वर्गातली जळमटं काढली होती, त्यावरून त्यांनी ओळखलं. मागच्या बाजूला गुरुजी आणि सर येऊन बसले, तशी पहिल्या बाकावरच्या मुलीनं मला हळूच विचारलं, "बाई, ह्यातले साहेब कुठले?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता तिनं गुरुजींच्या पांढऱ्या शर्टाकडं बघून स्वतःच ठरवलं.

मी फळ्यावर दोन शेतं काढली. त्याच आकाराचे गुलाबी कार्डशीटचे तुकडे प्रत्येक जोडीला दिले. लांबट शेत आठ बाय दोन, चौरस पाच बाय पाच. तार दोन्हीला वीस. मुलांनी तारेची बेरीज झटक्यात केली. मग मी माझा तो ठरलेला प्रश्न विचारला. "सांगा, कोणतं शेत मोठं?"

मागून एक हात वर आला. "बाई, रस्ता कुठल्या अंगाला हाय?"

आमच्या रकान्यांत हे उत्तर कुठंही नव्हतं.

"रस्ता नाहीये," मी म्हणाले.

"मग शेतात जायचं कसं?"

दुसरा म्हणाला, "लांबट शेत रस्त्याला लागून असंल तर तेच मोठं. त्याचं प्लॉटिंग होतंय." तिसरी म्हणाली, की आधी कॅनॉल कुठं आहे ते सांगा. मग एकानं उभं राहून सांगितलं, की त्याच्या चुलत्यांनी असंच लांबट शेत घेतलं आणि आता बांधावरून रोज भांडण होतं, कारण लांबट शेताला शेजारी जास्त. हे ऐकून इतरांनाही आपापल्या बांधावरची भांडणं आठवली. मी त्यांना परत फळ्याकडं आणायचा प्रयत्न करत होते आणि आणता आणता स्वतःच त्यांच्याबरोबर बांधावर चालले होते.

मागं बसणाऱ्यांनी बोलायचं नाही असा नियम होता. गुरुजी सुरुवातीला नुसते खोकत होते. मग त्यांनी खुर्ची दोनदा सरकवली. शेवटी त्यांचा धीर सुटला. "अरे, लांबी गुणिले रुंदी," ते बसल्या जागेवरून म्हणाले. ते त्यांच्या दृष्टीनं हळू होतं, पण खिडकीची तावदानं वाजली. पोरांना हवा होता तो सूर सापडला. सगळा वर्ग एका आवाजात म्हणायला लागला, "लांबी गुणिले रुंदी, लांबी गुणिले रुंदी." शेजारच्या खोलीत सोडलेली पहिली-दुसरीची मुलंही तिकडून म्हणू लागली. त्यातच तास संपला.

मुलं खिचडीला गेली आणि आम्ही तिघं वर्गात बसलो. मला रडू येत होतं, पण मी कार्डशीटचे तुकडे गोळा करायचं काम काढलं होतं.

"छान झाला पाठ," गुरुजी म्हणाले. "फळ्यावर अक्षर सुंदर हाय तुमचं."

सर आपला रकान्यांचा कागद चाळत होते. मग मीच म्हणाले, "गुरुजी, पाठ वाईट झाला. माझा पाठ बिघडला."

तेव्हा सर म्हणाले, "मॅडम, तुमचा कसा? आपला. कंपनीत पीस रिजेक्ट झाला तर पहिल्यांदा ऑपरेटरला बोलत नाहीत. मशीनचं सेटिंग बघतात."

गुरुजींनी विचारलं, "मग हितं मशीन कोण? मी?"

"मशीन म्हणजे प्रश्न, गुरुजी. प्रश्न चुकला आपला. मोठं म्हणजे काय, हेच त्यांना कळलं नाही. त्यांच्या हिशोबानं त्यांची उत्तरं बरोबरच होती."

मला हे बोलणं ऐकून बरं वाटलं आणि रागही आला, कारण ते हेच आधी म्हणाले होते आणि मी ऐकलं नव्हतं. पण त्यांनी ते बोलून दाखवलं नाही. ते फक्त म्हणाले, "आता कुणी काय बघितलं ते सांगूया. गुरुजी, तुमच्या पुढं कोण बसलं होतं?"

गुरुजी जरा घुटमळले. "एक पोरगी होती, दोन वेण्यांची. तिचं काय लक्ष नव्हतं पाठात. फ्रॉकच्या खिशात चिंचोके होते, ते काढून त्या गुलाबी कागदावर मांडत बसली होती. माझ्या वर्गात असती तर मी चिंचोके जप्त केले असते. पण बोलायचं न्हाई म्हणला होतात. म्हणून बघत बसलो."

"मग?"

"लांबट कागद भरला तिचा. चौकोनी भरायला गेली तर चिंचोके संपले. तर शेजारणीला म्हणती, ह्यात अजून मेंढरं मावत्याती."

ती मुलगी धनगराच्या घरातली. तिच्या आजोबांपर्यंत घरात मेंढ्या होत्या, आता बापानं बाजरी आणि कांदा धरला होता, पण दावणीला थोडी मेंढरं अजून होती. वर्गात ती फारशी बोलायची नाही. तिला क्षेत्रफळ कळलं होतं असं मी म्हणणार नाही, कारण नंतर मी विचारलं तेव्हा तिनं खिसा घट्ट धरला आणि चिंचोके आपले नाहीतच म्हणून सांगितलं. पण आमच्या हाती काहीतरी लागलं होतं.

"वाघर," गुरुजी एकदम म्हणाले. मेंढ्या रात्री बसवायला धनगर जे जाळं चारी बाजूंनी लावतात, ती वाघर. "वाघर तेवढीच. ती कशी लावली तर जास्त मेंढरं मावतील? असं विचारलं तर? मेंढराला रस्ता लागत न्हाई, कॅनॉल लागत न्हाई."

सरांनी तिथंच तो प्रश्न लिहून घेतला. दुरुस्तीचा पाठ गुरुजींच्या शाळेत, गुरुजींनी शिकवायचा असं ठरलं. एक अटही घातली. प्रश्न विचारल्यावर गुरुजींनी मनात दहापर्यंत आकडे मोजायचे आणि तोपर्यंत काही बोलायचं नाही. आणि उत्तर स्वतः सांगायचं नाही.

त्या आठवड्यात गुरुजींचा मला रोज फोन यायचा.

"बाई, पोरं चुकीचं बोलली तर मी काय करायचं?"

"काही नाही, गुरुजी."

"काही न्हाई म्हंजी किती वेळ?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं, की घरी गप्प बसायचा सराव चालू केला आहे. तर मंडळींनी मुलाला फोन करून बोलावून घेतलं, की तुझ्या वडलांना काहीतरी होतंय, ते विचारल्याचं उत्तर देत नाहीत. मुलगा कंपनीत रजा टाकून आला. त्याला सगळं समजावून सांगावं लागलं, आणि त्यानंतर तो म्हणाला म्हणे, की हा सराव तीस वर्षांपूर्वी केला असता तर बरं झालं असतं.

पाठाच्या दिवशी आमच्या शाळेला स्थानिक सुट्टी होती, आम्ही दोघं पूल ओलांडून गेलो. गुरुजींनी वर्ग मैदानात लिंबाखाली नेला होता. एक लांब दोरी आणली होती, तीच वाघर. गुरुजींनी प्रश्न विचारला. "वाघर एवढीच हाय. ती लांबट लावली, नाहीतर चौकोनी लावली. मेंढरं कशात जास्त मावतील?" आणि ते गप्प झाले.

त्यांच्या मुलांनी गुरुजींना असं गप्प कधी बघितलं नव्हतं. ती एकमेकांकडं बघायला लागली. एका मुलानं घाबरून आपणहून सातचा पाढा सुरू केला, सात त्रिक एकवीसपर्यंत गेला आणि कुणी साथ देईना म्हणून थांबला. गुरुजींचे ओठ हलत होते, ते आकडे मोजत होते. मग एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, दोरी तेवढीच हाय. म्हंजी जागा बी तेवढीच."

हेच ते चुकीचं उत्तर, ज्याची आम्ही वाट बघत होतो. गुरुजींची मान लाल झाली. त्यांनी आमच्याकडं पाठ फिरवली आणि लिंबाच्या शेंड्याकडं बघायला लागले. बाकीची मुलं माना डोलवत म्हणाली, व्हय, तेवढीच. एक जण मात्र म्हणाला, "करून बघू की."

चार मुलं चार कोपऱ्यांना दोरी धरून उभी राहिली, बाकीची मेंढरं होऊन आत शिरली. लांबट वाघरीत थोडी मेंढरं बाहेर राहिली. चौकोनी केली तर तीही आत आली. तेव्हा 'जागा बी तेवढीच' म्हणणारी ती मुलगी म्हणाली, "गुरुजी, ही लबाडी हाय. ह्या टायमाला मेंढरं चेंगरून उभी हायती." त्यावरून भांडण लागलं. कोण चेंगरून उभं होतं, कोण नव्हतं. गुरुजींनी हात वर केला, तोंड उघडलं, आमच्याकडं बघितलं आणि मिटलं.

भांडणातूनच तोडगा निघाला. कोण म्हणालं ते मला नीट आठवत नाही, बहुतेक तो पाढेवालाच. "वर्गात चला. तिथं फरश्या हायती. एका मेंढराला एक फरशी. मग चेंगरायचा प्रश्नच न्हाई."

त्यांच्या मोठ्या वर्गात चौकोनी शहाबादी फरशी होती. सगळी वरात आत गेली. बाक भिंतीला लावले. दोरी फरशांच्या कडेकडेनं मांडली, उरलेलं टोक सरांनी गाठ मारून बाजूला केलं. आठ फरशा लांब, दोन रुंद. सोळा मेंढरं उभी राहिली. मग तीच दोरी पाच-पाच फरशांची केली. पाचवीची मुलं संपली, तरी फरशा उरल्या. चौथीची आणली. तरी दोन फरशा मोकळ्याच. सगळी मुलं मागं वळून आमच्याकडं बघायला लागली.

नियम असा होता, की बघणाऱ्यांनी पाठात पडायचं नाही. पण फरशा मोकळ्या होत्या. मी पदर खोचला आणि एका फरशीवर जाऊन उभी राहिले, शेजारच्या फरशीवर सर.

तेवढ्यात दारात आबा आले. आबा म्हणजे त्या शाळेच्या समितीचे अध्यक्ष, उसाचे मोठे बागायतदार. पाण्याची टाकी गळते ती बघायला आले होते. दोरीच्या आत दाटीनं उभी असलेली पोरं, मध्येच मी. त्यांनी मला निरखून बघितलं.

"बाई, तुम्ही पलीकडच्या शाळेतल्या ना?"

"हो, आबा."

"मग हितं काय करताय?"

"मेंढरू झालेय," मी म्हणाले. दुसरं काही सुचलं नाही.

आबांनी शांतपणे मान हलवली. "आन् हे सर?"

"तेही."

आबा गुरुजींकडं वळले. "गुरुजी, दौंडची मेंढरं आपल्या हद्दीत कशी काय?"

गुरुजींनी त्यांना वाघर, दोरी, फरशी सगळं सांगितलं. आबा टाकी विसरले आणि भिंतीशी बाकावर बसले. मग म्हणाले, "पण शेत लांबटच बरं. ट्रॅक्टरला वळणं कमी."

लबाडीचा आरोप करणारी ती मुलगी फरशीवरून म्हणाली, "आबा, ट्रॅक्टर न्हाई, मेंढरं हायती."

"बरं बरं," आबा म्हणाले.

त्यानंतर मुलांनी आपणहून सहा-चार केलं, सात-तीन केलं, आणि एका टवाळानं नऊ-एक करून दाखवलं. नऊ मेंढरं एका ओळीत, कचेरीत दाखल्याला उभी असल्यासारखी. मोजता मोजता एक मुलगा म्हणाला, की सगळ्या मेंढरांना मोजायला नको, एका ओळीत किती आणि ओळी किती एवढं बघितलं की झालं. गुरुजींना राहवलं नाही. ते एवढ्या मोठ्यानं "शाब्बास" म्हणाले, की त्या मुलाची फरशी सुटली.

नंतर कचेरीत बसलो. गुरुजींनी आमच्यासाठी पोहे सांगितले होते. ते खुशीत होते. आता बोलायची पाळी माझी होती आणि मला ते जड जात होतं. माझ्या पाठानंतर ते फक्त अक्षराबद्दल बोलले होते. मीही मैदानाबद्दल बोलून सुटू शकले असते. पण जे दिसलं होतं ते सांगायचं असंच ठरलं होतं.

"गुरुजी, तुम्ही शाब्बास म्हणालात ना, तोपर्यंत चारपाच मुलं ओठांनी मोजत होती. बोट नाचवत होती. तुम्ही शाब्बास म्हटल्यावर सगळ्यांनी मोजणं सोडून दिलं. उत्तर मिळालं म्हणून."

गुरुजींनी चमचा खाली ठेवला. "म्हंजी पोराचं कौतुकबी करायचं न्हाई?"

"तसं नाही. पण जरा थांबून."

आम्ही निघालो तेव्हा गुरुजी सरांच्या मोटरसायकलपर्यंत सोडायलाही आले नाहीत. पुलावरून जाताना सर म्हणाले, "मॅडम, जरा कडक झालं." मलाही तसंच वाटत होतं. मग पुष्कळ दिवस गुरुजींचा फोन आला नाही. मी दोनदा हातात फोन घेतला आणि ठेवून दिला. म्हटलं, झालं, शिरूर आणि दौंड आता आपापल्या काठावर.

एका दुपारी फोन वाजला. गुरुजी नमस्कारही न म्हणता म्हणाले, "शाब्बास म्हणायचं न्हाई, तर मग म्हणायचं काय?"

मी म्हणाले, "'कसं काय?' म्हणून बघा. म्हणजे मूल सांगेल, त्याला ते कसं सुचलं."

"बरोबर असलं तरी?"

"बरोबर असलं तरी."

त्यांनी ते मनावर घेतलं. एवढं, की नंतर त्यांच्या घरी जेवायला गेलो तेव्हा त्यांच्या मंडळींनी माझ्याकडं तक्रार केली. "वांग्याची भाजी चांगली झाली तरी म्हणत्यात, कसं काय? आता काय सांगायचं, तेल जास्त पडलं म्हणून?"

वर्षअखेर दोन्हीकडच्या कार्यालयांना आमच्या उपक्रमाचा सुगावा लागला आणि अहवाल मागवला. अहवालाला फोटो पाहिजेत. आमच्याकडं एकही फोटो नव्हता, कारण फोटो काढणारे सगळे मेंढरं झाले होते. मग वरून निरोप आला, की पाठ पुन्हा घ्या आणि फोटो काढा. एका सकाळी गुरुजींनी पुन्हा दोरी आणली, पुन्हा बाक भिंतीला लावले. सगळ्या मुलांना उत्तर माहीत होतं. ती दोरीकडं न बघताच पाच-पाच फरशांवर जाऊन उभी राहिली आणि कॅमेऱ्याकडं बघून हसली. गुरुजींनी प्रश्न विचारायच्या आधीच चौघांनी उत्तर सांगून टाकलं. फोटो उत्तम आले. एका साहेबांनी फोन करून सांगितलं, की मुलांचा प्रतिसाद फारच छान दिसतोय. गुरुजींनी फोन ठेवला आणि आम्हाला म्हणाले, "फोटोतल्या पोरांना काही शिकवायची गरजच न्हाई."

वार्षिक परीक्षेत माझ्या वर्गातल्या काही मुलांनी परिमिती आणि क्षेत्रफळ यांची अदलाबदल केलीच. सगळी सुधारली असं नाही. एकानं उत्तर बरोबर काढून पुढं चौरस मीटरच्या जागी 'मेंढरं' लिहिलं. मी त्याला अर्धा गुण कापावा की नाही, यावर आम्ही तिघांनी एक शनिवार वाद घातला. सर म्हणाले युनिट चुकलं, कापा. गुरुजी म्हणाले, कापायचा न्हाई, त्याला मेंढरू म्हंजी काय ते कळलंय. मी नाही कापला.

आता महिन्यातून एकदा तरी आम्ही बसतो. माझ्या वर्गात कुणी येऊन बसलं तर अजूनही पहिली पाच मिनिटं माझा खडू उगाच मोडतो, पण मग विसरायला होतं. परवा मी भागाकार शिकवत होते. तेरा भागिले चार, बाकी एक. पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "बाई, ही बाकी उरती ती मग जाती कुठं?" मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं, की मला हे कुणी कधी विचारलंच नव्हतं. मधल्या सुट्टीत मी गुरुजींना फोन लावला आणि प्रश्न सांगितला. ते वर्गातच होते, मागं पोरांचा कालवा ऐकू येत होता.

बराच वेळ ते बोलले नाहीत. मी समजले, दहापर्यंत मोजतायत.

मग म्हणाले, "थांबा, पोरांना विचारतो. फोन चालूच ठेवा."